धबधबा राहू द्या, ओढ्यापाशीच थांबा

एका वाचक भगिनीचे पत्र:

"आमची मुलगी साडेचार वर्षांची आणि मुलगा अडीच वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात एका सुट्टीच्या दिवशी आम्ही चौघे शहरापासून अडीच तासांच्या अंतरावरचा एक धबधबा पाहायला गेलो. गाडी लावून पुढे तीन किलोमीटर चालायचे होते. निघायलाच उशीर झाला. वाटेत मुलाला दोनदा उलटी झाली, म्हणून शेवटचा तासभर मी त्याला मांडीवर घेऊन बसले. चालायला सुरुवात केल्यावर पाच मिनिटांतच एक लहानसा ओढा लागला आणि मुलगी तिथे जी बसली, ती उठायलाच तयार होईना. तिला आधी समजावून आणि शेवटी रागावून पुढे नेले. धबधब्यापाशी पोहोचेपर्यंत दुपारचे दोन वाजून गेले होते आणि दोन्ही मुले रडत होती. आम्ही डबा उघडत असताना मुलगी शेवाळलेल्या दगडावरून घसरून गुडघाभर पाण्यात पडली. तिला काही लागले नाही, पण 'तू बघत होतीस ना?' आणि 'मला वाटले तुम्ही बघताय' यावरून आमचे तिथेच वाजले. परत निघताना मुलीने खिशांत भरलेले दगड यांनी, गाडीत चिखल नको म्हणून, बाहेर टाकायला लावले आणि ती घर येईपर्यंत हुंदके देत राहिली. यांचे लहानपण रानात भटकण्यात गेले आहे, त्यामुळे हिरमोडही यांचाच जास्त झाला. आता यांचे म्हणणे असे की, मुले सात-आठ वर्षांची होईपर्यंत असल्या सहली नकोत. मला ते पटत नाही, पण पुन्हा तसा दिवस काढायची हिंमतही होत नाही. आमचे चुकले कुठे? आणि पुन्हा जायचे ठरवले, तर काय वेगळे करावे?"

उत्तर:

तुमचे पत्र वाचताना मी धबधब्याच्या वर्णनापाशी थांबले नाही, ओढ्याच्या वाक्यापाशी थांबले. गाडीपासून पाच मिनिटांच्या अंतरावर तुमची मुलगी वाहत्या पाण्याच्या काठी बसली आणि तिथून तिचा पाय निघेना, असे तुम्ही लिहिले आहे. माझ्या मते तुमची सहल त्या ओढ्यापाशी पोहोचली होती. पुढची वाट मोठ्या माणसांच्या हौसेची होती आणि त्या वाटेवर मुलांना ओढत न्यावे लागले, म्हणून चौघांचीही दमणूक झाली. मुलांना इतक्या लहान वयात नेले हे तुमचे चुकले, असे मला अजिबात वाटत नाही. ठिकाण मोठ्यांच्या आवडीने निवडले गेले आणि दिवस मोठ्यांच्या घड्याळाने आखला गेला, इथे चूक झाली, आणि ती सहज सुधारता येण्यासारखी आहे.

आधी चालण्याचा हिशेब पाहू. साडेचार वर्षांच्या मुलीचे पाऊल आपल्या पावलाच्या अर्ध्याहून थोडेसेच मोठे असते. त्यामुळे जाऊन-येऊन ६ किलोमीटरच्या त्या वाटेवर तिला जितकी पावले टाकावी लागली, तितक्या पावलांत तुम्ही नऊ-दहा किलोमीटर चालून आला असता. शिवाय चालताना खर्च होणारी शक्ती शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे मोजली, तर ती लहान मुलांची मोठ्यांपेक्षा अधिक खर्च होते. याचा अर्थ मुले नाजूक असतात असा मात्र घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत १ ते ४ वर्षे वयाच्या मुलांनी दिवसाकाठी किमान १८० मिनिटे हालचाल करावी असे सांगितले आहे. तीन तास ही काही थोडी हालचाल नव्हे, पण ती दिवसभरात विखुरलेली असावी असे त्याच सूचनेत म्हटले आहे आणि मला तो भाग फार मोलाचा वाटतो. मूल मोकळे सोडले की ते धावते, मध्येच बसते, आडवे होते, उठून उलट दिशेला पळते आणि पुन्हा बसते. एका लयीत, एका दिशेने, ठरलेल्या ठिकाणापर्यंत चालत राहणे ही मोठ्यांची सवय आहे. ती मुलांच्या अंगी हळूहळू येते आणि ती येण्यासाठी आधी रानाची ओढ लागावी लागते.

म्हणून अंतराचे माझे स्वतःचे माप मी तुम्हाला सांगते. चार-साडेचार वर्षांच्या मुलासाठी जाऊन-येऊन एक ते दीड किलोमीटर धरावे. अडीच वर्षांचे मूल त्यातले अर्धे आपल्या पायांनी चालेल आणि उरलेले अर्धे कुणाच्या तरी पाठीवरून जाईल, असे गृहीत धरावे. त्याला उचलावे लागेल हे आधीच मान्य केले, म्हणजे उचलताना चिडचिड होत नाही. खांद्यावर बसवण्यापेक्षा पाठीवर बांधायची झोळी बरी, कारण खडबडीत वाटेवर उचलणाऱ्याचा तोल गेला, तर खांद्यावरचे मूल डोक्याच्या उंचीवरून पडते. त्या दिवशी मुले आणखी चालली, तर आनंदच आहे, परंतु दिवसाची आखणी त्या आशेवर करू नये.

हे मी पुस्तकी सांगत नाही. माझा धाकटा मुलगा तीन वर्षांचा असताना आम्ही एका टेकडीवर जायला निघालो होतो. पायथ्याशीच एका सपाट दगडावर मुंग्या गांधीलमाशीचा एक पंख ओढून नेत होत्या आणि तो तिथे उकिडवा बसला. पंख शिडासारखा उभा होता. वाऱ्याची झुळूक आली की तो मुंग्यांसकट कलंडायचा, दोन-तीन मुंग्या बाजूला फेकल्या जायच्या आणि थोड्या वेळाने परत येऊन त्याची कड धरायच्या. दगडाच्या मधोमध बोटभर रुंद भेग होती. ती पार करायला त्यांना बावीस मिनिटे लागली. मला हा आकडा पाठ आहे, कारण मी सारखी घड्याळाकडे पाहत होते. मुलाने तेवढ्या वेळात एकदाही मान वर केली नाही. टेकडी राहिली. घरी आल्यावर त्याने कागदाचा एक कपटा उभा धरला आणि दारापासून खिडकीपर्यंत तो पंख कसा चालला, कुठे पडला, पुन्हा कसा उठला, हे सगळ्यांना क्रमाने करून दाखवले. तोपर्यंत मला वाटत होते की आमचा दिवस वाया गेला. त्या संध्याकाळनंतर मी मुलांबरोबर जाताना शिखर, किल्ला, धबधबा असे काही ठरवणे सोडून दिले.

त्याऐवजी मी बसायची जागा निवडू लागले. गाडी किंवा बस थांबते तिथून दहा मिनिटांच्या आत पोहोचता येईल, दुपारी सावली राहील, घोट्यापर्यंतच पाणी असेल, आणि माती, काटक्या, पाने, गोटे असे हाताळण्यासारखे काहीतरी मुबलक असेल, एवढे मिळाले की पुरे. शेजारी सरळसोट कडा, विहीर, रेल्वेमार्ग किंवा वाहता रस्ता नको, कारण ज्या जागी दर दोन मिनिटांनी 'तिकडे जाऊ नको' असे ओरडावे लागते, तिथे मुलांचे खेळणे आणि तुमचे बसणे दोन्ही संपते. एकदा अशी जागा सापडली की दर वेळी नवे ठिकाण शोधू नका. तिथेच पुन्हा पुन्हा जा. मोठ्यांना तेच ते पाहून कंटाळा येतो, पण मुलांना ओळखीची जागा हवी असते. मागच्या खेपेला तुडुंब असलेला डबरा या वेळी आटला आहे, मागच्या वेळी हिरवे असलेले फळ आता खाली पडले आहे, हे साडेचार वर्षांच्या मुलीच्या लक्षात येते आणि ऋतू म्हणजे काय, हे तिला कुणी न शिकवता कळू लागते.

आता प्रवासाविषयी. गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांच्या आत क्वचित होतो आणि साधारण दोन ते बारा या वयांत सर्वांत जास्त होतो. तुमचा मुलगा नुकताच त्या वयात आला आहे, त्यामुळे आधी कधी त्रास झाला नव्हता हे खरे असले, तरी यापुढे होत राहण्याची शक्यता धरून चला. आपल्या आतल्या कानात शरीराची हालचाल आणि तोल ओळखणारी रचना असते. मूल सीटवर खाली बसलेले असले की त्याच्या डोळ्यांना फक्त पुढच्या सीटची पाठ दिसते, जी हलत नाही, आणि कान मात्र सांगत असतो की आपण वळतो आहोत, उसळतो आहोत. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही आणि मळमळू लागते. त्यामुळे त्याला समोरच्या काचेतून लांबचा रस्ता दिसेल असे बसवावे, हातात चित्रांचे पुस्तक किंवा मोबाइल देऊ नये, निघण्याआधी पोट गच्च भरू नये आणि अगदी रिकामेही ठेवू नये, खिडकी थोडी उघडावी, आणि वळणांच्या रस्त्यावर मूल गप्प झाले, फिकट दिसू लागले किंवा सारखी जांभई देऊ लागले की लगेच गाडी थांबवून खाली उतरावे. खरा उपाय मात्र अंतर कमी करण्याचा आहे. या वयाची मुले असेपर्यंत एका बाजूचा प्रवास तासाभराच्या आत ठेवा. अडीच तास जाणे आणि अडीच तास येणे म्हणजे मुलांच्या जागेपणाचा जवळजवळ अर्धा दिवस पट्ट्यात बांधून ठेवणे होय.

एक गोष्ट मी थोडी कठोरपणे सांगते, कारण ती माझ्या मनातून जात नाही. उलटी झाल्यावर तुम्ही मुलाला मांडीवर घेतले, यामागची माया मला कळते, पण चालत्या गाडीत हे पुन्हा करू नका. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळून थांबली, तर तुमच्या मांडीवरच्या १२ किलोच्या मुलाला धरून ठेवायला त्या क्षणी दीडशे किलो पेलण्याएवढी ताकद लागते. कुठल्याही आईच्या हातांत ती नसते. मूल रडत असेल, तर गाडी थांबवा, खाली उतरून त्याला कडेवर घ्या, शांत होऊ द्या आणि पुन्हा मुलांच्या सीटमध्ये नीट बांधून मगच निघा. उशीर झाला तरी चालेल. तसेच, मूल झोपले आहे म्हणून त्याला उभ्या गाडीत ठेवून जवळच बसण्याचा विचार कधी मनात आला, तर तोही झटकून टाका. उन्हात बंद गाडीच्या आतले तापमान पहिल्या १० मिनिटांतच सुमारे १० अंशांनी वाढते, खिडकी चार बोटे उघडी ठेवल्याने त्यात विशेष फरक पडत नाही, आणि लहान मुलाचे शरीर मोठ्यांच्या शरीरापेक्षा कितीतरी लवकर तापते.

दिवसाची वेळ कशी निवडावी, याचे उत्तर तुमच्या मुलाच्या झोपेत आहे. अडीच वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप लागते आणि त्यातली एक झोप बहुधा दुपारची असते. तुमची मुले धबधब्यापाशी रडत होती, ती वेळ दोनची होती. म्हणजे एकाची झोपेची वेळ उलटून गेली होती आणि दोघांची जेवणाची. अशा वेळी मुलांना हट्टी म्हणणे अन्यायाचे आहे. तेव्हा आदल्या रात्रीच पिशव्या भरून ठेवा, उजाडताच निघा, सकाळचे दोन-तीन तास बाहेर घालवा आणि धाकट्याला पेंग येण्याच्या सुमारास परतीला लागा, म्हणजे तो गाडीत झोपेल. दुपारच्या जेवणाला घरी पोहोचलात, तरी ती पूर्ण सहल आहे. दिवसभराची सहल दिवसभर चाललीच पाहिजे, असा कुठेही नियम नाही.

सकाळी जाण्याने उन्हाचाही प्रश्न सुटतो. सूर्याच्या अतिनील किरणांचा जोर साधारण सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात अधिक असतो आणि तो ओळखायची एक सोपी खूण मुलांनाही शिकवता येते. आपली सावली आपल्यापेक्षा लांब असेल, तोवर उन्हात खेळावे. सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की सूर्य आकाशात अर्ध्याहून वर आला असे समजून झाडाखाली यावे. तुमच्या मुलीला हे काम द्या. ती दर थोड्या वेळाने उभी राहून सावली मोजेल आणि 'आता सावलीत चला' हे तुमच्याऐवजी तीच सर्वांना सांगेल. टोपी आणि पूर्ण बाह्यांचे सैल सुती कपडे घालावेत. उघड्या राहणाऱ्या अंगाला ३० किंवा त्याहून अधिक एसपीएफचे क्रीम लावावे आणि दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे. पाणी मुलांनी मागण्याची वाट पाहू नका. खेळात गुंतलेले मूल तहान सांगत नाही, म्हणून दर वीस-पंचवीस मिनिटांनी चार घोट आपणहून द्या.

आता पाण्याविषयी. इथे मला थोडे अधिक लिहायचे आहे. तुमच्या मुलीला काही लागले नाही हे वाचून मी सुटकेचा श्वास सोडला, पण 'तू बघत होतीस ना' आणि 'मला वाटले तुम्ही बघताय' हा तुमचा संवाद मला भांडण म्हणून महत्त्वाचा वाटत नाही. तो एका खऱ्या धोक्याचे अगदी अचूक वर्णन आहे. दोन मोठी माणसे जवळ असली की प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याचे लक्ष आहे, आणि त्या अर्ध्या मिनिटात कुणाचेच लक्ष नसते. बुडणारे मूल बहुतेक वेळा ओरडत नाही आणि हातही हलवत नाही. तोंड पाण्याखाली असताना श्वास घेता येत नाही, मग आवाज कुठून येणार? पाच हातांवर मूल बुडत असताना डबा उघडणाऱ्या माणसाला काहीही ऐकू येत नाही, आणि त्यासाठी खोल पाणी लागते असेही नाही. अगदी लहान मूल पालथे पडले, तर वीतभर पाणीही त्याला घातक ठरते.

म्हणून पाण्याजवळ असेपर्यंत एका मोठ्या माणसाने पहारेकरी व्हायचे, असा घरचा नियमच करा. पहारेकऱ्याने डबा उघडायचा नाही, फोटो काढायचे नाहीत, मोबाइल खिशातून बाहेर काढायचा नाही आणि मुलापासून हाताच्या अंतरापेक्षा लांब जायचे नाही. पंधरा-वीस मिनिटांनी पाळी बदलायची, आणि बदलताना 'आता तुम्ही' असे तोंडाने म्हणायचे व समोरच्याने 'हो, आता मी' असे म्हटल्याशिवाय जागा सोडायची नाही. सुरुवातीला हे कृत्रिम वाटेल, पण दोन-तीन खेपांत अंगवळणी पडते. शिवाय ज्याची पाळी नाही त्याला खरोखर निवांत बसता येते, जे तुम्हा दोघांनाही त्या दिवशी मिळाले नाही. खाण्याची वेळ झाली की आधी सगळ्यांना पाण्यापासून चांगले वीस-तीस पावले दूर न्या आणि मगच पिशवी उघडा. हात मात्र साबणाने आणि पाण्यानेच धुवा, कारण चिखलाने माखलेल्या हातांवर सॅनिटायझरचा फारसा उपयोग होत नाही.

धबधब्याविषयी माझे मत स्पष्ट आहे की, पाच वर्षांखालील मुलांना घेऊन त्याच्या पायथ्याशी जाऊ नये. तिथले दगड कायम ओले आणि शेवाळलेले असतात, पाण्याच्या आवाजात मुलाची हाक ऐकू येत नाही, आणि वरच्या अंगाला कुठे पाऊस झाला, तर आपल्या डोक्यावर ऊन असतानाही खाली लोंढा येऊ शकतो. पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यात काटक्या-पाने वाहत येऊ लागली किंवा प्रवाहाचा आवाज वाढला, तर सामान गोळा करत न बसता मुलांना उचलून आधी उंचावर जावे. हे लहान ओढ्यालाही लागू आहे. जोराने वाहणारे १५ सेंटीमीटर पाणीसुद्धा मोठ्या माणसाचे पाय उचलू शकते.

बाकीची खबरदारी थोडक्यात सांगते, कारण ती एकदा सवयीची झाली की तिचा बाऊ करण्याची गरज उरत नाही. पायांत बंद बूट आणि लांब पँट असावी, कपडे भडक रंगाचे असावेत म्हणजे मूल झाडीत दिसते, आणि दगड उलटायचा असेल, तर तो हाताने न उलटता मोठ्यांनी काठीने उलटावा. मधमाशी चावली, तर नांगी त्वचेत राहते आणि तिच्यातून विष आत जात राहते, म्हणून ती नखाने ताबडतोब खरवडून काढावी व वर गार पाण्याची पट्टी ठेवावी. मात्र ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास घुरघुरू लागला किंवा मूल मलूल झाले, तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठावा. साप चावला, तर बांधायचे नाही, चिरायचे नाही, चोखायचे नाही. मुलाला चालू न देता, तो अवयव हलणार नाही असा आधार देऊन थेट रुग्णालयात न्यायचे. त्यासाठी जवळचे रुग्णालय कुठे आहे हे घरून निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे, कारण रानात मोबाइलला रेंज असेलच असे नाही. मुलीच्या गळ्यात एक शिटी अडकवा आणि तिला सांगा की आम्ही दिसेनासे झालो, तर शोधायला निघायचे नाही, जवळच्या झाडाला धरून तिथेच थांबायचे आणि तीन-तीनदा शिटी वाजवत राहायचे. हरवलेले मूल एका जागी थांबले, तर फार लवकर सापडते. गळ्यातली दोरी मात्र ओढताच सुटेल अशी घ्या, म्हणजे फांदीत अडकली तरी फास बसणार नाही.

आता तुमच्या यजमानांच्या म्हणण्याकडे वळते. मुले सात-आठ वर्षांची होईपर्यंत थांबू, हे त्यांनी रागाने म्हटले असेल, पण त्यामागे निराशा आहे आणि ती मला समजते. ज्या माणसाचे लहानपण रानात गेले, त्याला आपल्या मुलांना ते सगळे एका दिवसात दाखवावेसे वाटते. त्या ओढ्यापाशी थांबणे त्यांना अर्ध्यात सोडून देण्यासारखे वाटले असणार. तरीही थांबू नका, असेच मी म्हणेन. लहान वयात उघड्यावर घालवलेल्या वेळाचे फायदे आता मोजलेलेही आहेत. चीनमधील ग्वांगचौ येथे पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे चाललेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शाळेच्या दिवशी ४० मिनिटे अधिक बाहेर घालवणाऱ्या मुलांपैकी सुमारे ३० टक्के मुलांना लघुदृष्टी, म्हणजे लांबचे अंधुक दिसण्याचा दोष, आली, तर नेहमीप्रमाणे वर्गात राहिलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. खोलीत जेमतेम काहीशे लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) उजेड असतो आणि बाहेर सावलीतही काही हजार लक्स असतो, हे त्यामागचे एक प्रमुख कारण मानले जाते. अर्थात हा लाभ रोजच्या बाहेर खेळण्याचा आहे, महिन्यातल्या एका सहलीचा नाही, पण ज्या मुलांना बाहेरची गोडी लागते ती रोजही बाहेर जायला मागतात. शिवाय सात वर्षांचे मूल ओढ्यापाशी तसे बसणार नाही. ते पुढे धावेल, शिखर मागेल आणि तेव्हा तुमच्या यजमानांची पावले त्याच्याशी जुळतीलही. मुंग्या पाहण्याचे, गोटे निवडण्याचे वय मात्र आता आहे.

त्यांच्याशी बोलताना मुलांची बाजू मांडण्याआधी त्यांची बाजू विचारा, अशी माझी विनंती आहे. त्यांना स्वतःला शेवटचे मनसोक्त चालायला कधी मिळाले होते? दोन लहान मुलांच्या घरात बापाची भटकंती बंद पडते, आणि मग ती सगळी भूक एका कौटुंबिक सहलीवर काढली जाते. महिन्यातून एक पहाट त्यांना एकट्याला जाऊ द्या. मुलांना त्या दिवशी तुम्ही सांभाळा, आणि तशीच एक सकाळ तुम्हीही मागून घ्या. त्यांना धबधब्यापर्यंत, त्याच्याही पलीकडे चालून येऊ द्या. जाताना त्यांच्यावर एक काम सोपवा. घरापासून तासाभराच्या आत असलेला एक उथळ ओढा त्यांनी शोधायचा, ज्याच्या काठी सावली आहे, तळाशी गोटे आहेत आणि ज्याच्यापर्यंत अडीच वर्षांची पावले पोहोचू शकतात. रानाची नजर तुमच्या दोघांत त्यांचीच अधिक तयार आहे. कुठल्या वळणावर पाणी खोल जाते, कुठली सावली अकरापर्यंत टिकेल, हे ते एका फेरीत ओळखतील.

मग चौघे तिथे जा, आणि त्या दिवशी ओढ्याच्या पुढे काहीही ठरवू नका. निघण्यापूर्वी परतीची वेळ मात्र दोघांनी मिळून ठरवा आणि आधी कुणी थकले, तर कुणाच्या शब्दावर परतायचे, तेही ठरवून ठेवा, म्हणजे तो वाद मुलांसमोर होणार नाही. गाडीत प्रत्येकासाठी सुक्या कपड्यांचा एक जोड, पायपुसणे म्हणून एक जुने पोते आणि ओले-मळके घालायला एक मोठी पिशवी असू द्या. मुले भिजणार आणि चिखलात बसणार हे गृहीत धरले की गाडी मळण्याची धास्ती उरत नाही.

आणि एक झाकणाचा जुना डबा सोबत घ्या. मुलीच्या खिशातले जे दगड बाहेर टाकले गेले, ते तिने दिवसभरात एकेक पारखून घेतले होते. सगळा दिवस मोठ्यांनी ठरवला, आणि तिच्या निवडीचे तेवढेच तिच्याकडे उरले होते, म्हणून ती इतका वेळ रडली. ओढ्यावर जाण्याआधी तिच्या बाबांनी तिला जवळ घेऊन 'मी तुझे दगड टाकायला लावले, ते माझे चुकले' एवढे म्हणावे. ज्या जागी दगड उचलायला मनाई नाही, तिथे निघण्यापूर्वी तिने मूठभर दगड निवडावेत, काठावर बसून आपल्या हातांनी धुवावेत आणि त्या डब्यात ठेवावेत. धाकट्याच्या तोंडात जाईल असा लहान खडा त्यात राहणार नाही, तेवढे तुम्ही पाहा. धुण्याला वेळ लागेल, कारण ती एकेक दगड ओला करून त्याचा रंग कसा बदलतो ते तिच्या बाबांना दाखवत बसेल. तो वेळ परतीच्या हिशेबात आधीच धरून ठेवा.